काय आणायचं, असं विचारलंत म्हणून

पत्र पोचलं.
बहुतेक लोक विचारत नाहीत, सरळ घेऊन येतात,
आणि मग माझ्या एकशे चौदा पायऱ्यांवर
बॅगेची चाकं असून नसल्यासारखी.
तेव्हा धक्क्यापासून माझ्या दारच्या लिंबापर्यंत
एका हाताने उचलवेल,
एवढंच आणा.

टोपी आणा, पण नाडीची.
ऑगस्टात उत्तरेचा वारा सुटतो, मेल्तेमी,
तो पाहुणा-बिहुणा बघत नाही.
समोरच्या खाडीत इतक्या टोप्या बुडाल्यात
की एव्हाना ऑक्टोपसांनी त्यांत संसार थाटले असतील.

सदरे सुती, पूर्ण बाह्यांचे.
ऊन आधी खांदे गोंजारतं
आणि रात्री हिशेब मागतं.
गेल्या साली एक गृहस्थ तीन दिवस पालथे पडून होते.
पाठीला दही लावलं मी त्यांच्या, शेळीचं, जेवणातलं.
जाताना विचारतात, दही बिलात धरलंय का?
धरलं नव्हतं. मग धरलं.

पाण्यात उतरायला रबरी चपला हव्यात.
खडकांना काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात.
आमची पोरं ते फोडून लिंबू पिळून खातात,
पण तुमच्या टाचेत काटा गेला
तर सुई लागते, ऑलिव्हचं तेल लागतं, आणि माझा चष्मा,
जो सापडत नाही.

वर मठात जाणार असाल तर गुडघे झाका.
पापा यर्मानोस रागवत नाहीत,
दाराजवळच्या खुंटीकडे नुसतं बोट दाखवतात.
तिथे एक घागरा टांगलाय, फुलाफुलांचा, रबर घातलेला,
सगळ्या जगाला मिळून एकच.
त्यात मी एक सहाफुटी न्यायाधीश पाहिलेत,
मेणबत्ती लावताना,
एका हाताने कंबर धरून.

इस्त्री आणू नका. संध्याकाळचे बूट आणू नका.
माझ्या कपाटात उंच टाचेचा एक बूट आहे, डावा.
उजवा कुठल्या फटीत रुतला, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, बाईला बॅगा भरण्यातलं बरंच कळतं.
मी बॅग भरायला बसले ती एकदाच,
तीही माझी नव्हे.
बारा वर्षांची होते. सेवस्ती, माझी मोठी बहीण,
मेलबर्नला निघाली होती, एका फोटोतल्या माणसाकडे.
तिथे म्हणे ऑगस्टात हिवाळा.
आईला हे पटेना, तरी तिने कोट शिवला,
लोकरीचा, हिरवा, आतून जाड अस्तर.
पेटीत मी सगळं बसवलं: चादरी, वाळलेला ओरेगानो, ब्रिकी, आरसा.
कोट मावेना.
मावला असता तरी चालणार नव्हतं,
त्या माणसाला कळवलं होतं ना,
हिरव्या कोटातली ती आमची.

धक्का तव्यासारखा तापलेला.
सगळे उघड्या गळ्यांनी, पंखे हलवत,
आणि मधोमध माझी बहीण, गळ्यापर्यंत बटणं लावून,
वरच्या ओठावर घामाचे थेंब,
आणि हसते आहे.
मला अजून वाटतं, ते अश्रू असते
तरी आम्हाला कळलं नसतं.

एकतीस दिवस लागले जहाजाला.
ती उतरली तेव्हा तिथे वसंत होता.
पत्रात लिहिलं, कोट फार गरम होतो.
बाकी माणूस बरा आहे.

असो.
तुमची बोट दुपारी तीनची.
एकाच वेळी दोनशे माणसं उतरतात,
सगळी पांढऱ्यात, सगळी डोळे बारीक करून.
मी धक्क्यावर असेन, बर्फवाल्याच्या सावलीला.
काय घालून याल
तेवढं कळवा.

कलिरोई

ता. क. पाव इंची इलॅस्टिक मिळालं तर आणा, दोन मीटर.
न्यायाधीशांनंतर तो घागरा
कुणाच्याच कमरेवर राहत नाही.